काळ्या पानाची बोटांनी विचारपूस

काळ्या पानाच्या झाडाची एक अडचण नर्सरीवाला सांगत नाही: त्याच्यावर काही दिसत नाही. तुळस तहानली की मान टाकते. मनीप्लँटचं पान पिवळं पडू लागलं की दारातूनच कळतं. अलोकेशिया ब्लॅक व्हेल्वेट मात्र आतून खचत असतानाही तशीच रुबाबात उभी असते. पान काळपट हिरवं, मखमली, त्यावर चंदेरी शिरा. फुलकिड्यांनी खरवडायला सुरुवात केली, मुळं कुजायला लागली, तरी वरचा रंग बरेच दिवस बोलत नाही, आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हे झाड डोळ्यांवर विसंबून सांभाळता येत नाही, बोटांनीच सांभाळावं लागतं, असं माझं मत झालं आहे.

झाड मूळचं बोर्निओच्या जंगलातलं, पण कुळ आपल्या अळूचं. आई पहिल्यांदा इथे बंगळुरूला आली तेव्हा कुंडीसमोर उभी राहून म्हणाली, "वडीच्या अळूसारखंच आहे गं. याच्या वड्या होतात का?" घरकामाला येणाऱ्या अक्कांनीही लांबूनच "केसु" म्हणून ओळखलं होतं. आईला कन्नड येत नाही, अक्कांना मराठी नाही, पण अळूवडी आणि पत्रोडे एकच, हे दोघींनी हातवारे करून ठरवून टाकलं. वड्या अर्थातच होत नाहीत. अळूत असतात तसेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात, आणि चिंच-कोकम घालून भागण्यातली ही खाज नव्हे. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवलेली बरी.

पान काळं म्हणून झाडाला काळोख आवडतो, हा समज कुठून आला कोण जाणे. माझा संशय घर सजवणाऱ्यांवर आहे. सोफ्यामागच्या कोपऱ्यात, पिवळ्या दिव्याखाली ही कुंडी फोटोत फार छान दिसते आणि दोन-तीन महिन्यांत संपते. जंगलाच्या तळाशी प्रकाश इतका थोडा पोचतो की मिळेल तो कण पानाला पकडून ठेवावा लागतो. त्याचीच सोय त्याच्या पृष्ठभागात आहे. पान तिरकं धरून भिंगातून पाहिलं तर मखमल म्हणजे लव नाही हे कळतं. वरच्या थरातल्या पेशींनाच बारीक शंकूसारखी टोकं असतात, आणि त्यांच्यामुळे कडेने आलेला उजेडही आत घेतला जातो. अशा झाडाला पूर्वेच्या खिडकीपासून हात-दीड हातावर, थेट ऊन टाळून ठेवावं. आमच्याकडे समोर दुसरा टॉवर आहे, त्यामुळे सकाळचं ऊन त्याच्या काचांवरून उलटून येतं. तेही चालतं, पण एप्रिलमध्ये पडदा ओढावा लागतो.

आता मातीचं. खरं तर माती नाहीच. या लहान चणीच्या अलोकेशिया बऱ्याचदा दगडांच्या कपारीत, चुनखडीच्या कड्यांवर पालापाचोळ्यात वाढतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीतला रुखाळू आठवावा. तोही अळूचाच भाऊबंद, आणि झाडाच्या खोडावर शेवाळात मुळं रोवून मजेत असतो. नर्सरीतून येणारी कुंडी मात्र निव्वळ कोकोपीटची असते. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत चिखल असतो. मी कुंडी आणली की आठवडाभर तिला घराची हवा लागू देते, मग मुळं मोकळी करून झाडाची साल, परलाइट, थोडा कोळसा आणि धुतलेलं मूठभर कोकोपीट यात बसवते. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभरच मोठी. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते आणि गड्डा कुजतो.

पाणी हा आमच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतला खरा विषय. १९७८मध्ये केओनिक्स या राज्य सरकारच्या कंपनीने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी मांडली, तेव्हा हा भाग शहरापासून लांब होता. कारखाने आले, मग कंपन्या आल्या, मग आमच्यासारखे लोक आले. पण आजूबाजूच्या कितीतरी सोसायट्या अजून बोअरवेल आणि टँकरवरच आहेत. ते पाणी जड. नळांवर पांढरा थर धरतो म्हणून सोसायटी तळघरात सॉफ्टनर बसवते. हा सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो. नळ खूश, कपडे खूश, कुंडी मात्र हळूहळू खारवते. पानाच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या की लोक पाणी वाढवतात, म्हणजे आणखी मीठ. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घाला, हा सल्लाही असाच. फरशी पुसायला ते ठीक, कुंडीला नाही, कारण गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात.

२०२४च्या मार्चमध्ये टंचाई इतकी झाली की जलमंडळाने पिण्याचं पाणी बागेला वापरण्यावर बंदी घातली, पाच हजार रुपये दंड लावला. तेव्हापासून माझी सवय पक्की झाली. मे महिन्यात संध्याकाळचा पाऊस सुरू झाला की बाल्कनीत बादली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळी पिंपं. शेजाऱ्यांच्या एसीच्या नळीखालीही माझा कॅन असतो. ते पाणी जवळजवळ क्षारविरहित. त्यात अधूनमधून अगदी पातळ खत मिसळावं लागतं, एवढंच.

कधी घालायचं, याला वार नसतो. कुंडी उचलून बघायची. भरपेट पाणी घालून निथळल्यावर ती किती जड लागते हे हाताला एकदा माहीत झालं की पुढे हात चुकत नाही. तरी शंका वाटली तर कडेने आइस्क्रीमची काडी तळापर्यंत खुपसायची आणि बाहेर काढून ओठाला लावायची. बोटाला न कळणारी ओल ओठाला गार लागते. सकाळी पानाच्या टोकावर पाण्याचा थेंब लोंबत असेल तर काडीचीही गरज नाही, आत पाणी पुरेसं आहे.

फेब्रुवारी ते एप्रिल हा बंगळुरूचा कोरडा काळ. दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते आणि लाल कोळी येतात. हलक्या पानावर त्यांचे ठिपके दिसतात, इथे नाही. म्हणून दर रविवारी पांढरा टिश्यू ओला करून पानाच्या खालच्या जांभळट बाजूवरून फिरवते. टिश्यूवर विटकरी रेघ उमटली की समजायचं. मग सिंकमध्ये पानं खालून धुवायची, पुन्हा तीन-चार दिवसांनी धुवायची. कडुनिंबाचं तेल मी वापरत नाही, त्याने मखमलीवर कायमचे डाग पडतात. पान चकाकवणाऱ्या फवाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. आर्द्रतेसाठी दिवसातून चार वेळा पाणी फवारणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना त्यात आनंद मिळतो, झाडाला काही मिळत नाही.

डिसेंबरात रात्री गार होतात. १८८४च्या जानेवारीत या शहरात पारा ७.८ अंशांपर्यंत उतरला होता. आता तसं होत नाही, पण पंधराच्या आसपासही ही रुसते, एकेक पान टाकते. कधी सगळीच पानं जातात आणि लोक कुंडी कचऱ्यात टाकतात. आधी गड्डा चाचपून बघावा. टणक असेल तर जिवंत आहे. पाणी जवळजवळ बंद करून थांबलं की मार्चमध्ये कोंब येतो.

कुंडी बदलताना मुळांत वाटाण्याएवढ्या अळकुड्या सापडतात. त्या ओल्या मॉसवर झाकणाच्या डब्यात ठेवल्या की कोंब धरतात, आणि दुसरं-तिसरं पान आलं की मी सोसायटीत वाटून टाकते. घेणारा हमखास विचारतो, "रोज किती पाणी घालू?" मी कुंडी त्याच्या हातात देते. "आत्ताचं वजन लक्षात ठेवा. याच्या निम्मी लागेपर्यंत हात लावू नका."