चालू खातं

बँकेत खाती मुख्यतः दोन, बचत आणि चालू. आणि जगात माणसंही याच दोन जातींची, असं माझं वीस वर्षांच्या कारकुनीनंतरचं ठाम मत आहे. बचत खात्यातला पैसा नुसता लोळत पडला तरी त्याला व्याज मिळतं. चालू खात्यातल्या पैशाला दमडी मिळत नाही. म्हणून धंदेवाला त्याला निजूच देत नाही. सकाळी भरला, दुपारी काढला! आम्ही नोकरदार म्हणजे साक्षात बचत खातं. खुर्चीत पडून राहिलो तरी महिनाअखेर काहीतरी जमा होतंच. 'चालू' या शब्दाला आपण वाईट अर्थ चिकटवला तो उगाच नव्हे. चिकटवणारे सगळे पगारदार असणार.

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असं आपण म्हणतो. म्हणतो फक्त. लग्नाच्या बाजारात ही यादी खालून वर वाचतात. मुलगा धंदा करतो म्हटलं की मुलीचे वडील 'कसला?' असं विचारत नाहीत, 'का, नोकरी नाही लागली?' असं विचारतात.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीला रामराम ठोकून बेळगावला सायकलच्या दुकानात आले. 1903 साली लोखंडी नांगर काढला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन विषारी होते! किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 साली. आपण गोष्ट सांगतो ती वाडीची. मधल्या सात वर्षांत घरी काय बोलणी बसली असतील, ते कुणी सांगत नाही. आमच्याकडे बढती हुकली की युनियनकडे अर्ज जातो. नांगर निघत नाही.

बरं, आता भांडवलाची सबबही उरलेली नाही. 2015 साली मुद्रा योजना आली. तारणाशिवाय कर्ज, आणि वर्गांची नावं शिशू, किशोर, तरुण. पाच लाखांच्या पुढे दहा लाखांपर्यंत मागितले की माणूस तरुण. पंचेचाळिशीत मला तरुण म्हणायला सरकार तयार आहे, घरचे नाहीत.

आमच्या शाखेसमोर एक वडापाववाला आहे. तो मला 'साहेब' म्हणतो, मी त्याला 'मालक' म्हणतो; दोघांनाही बरं वाटतं. चिल्लर भरायला आला की मी त्याला स्वतंत्र धंद्याचे फायदे ऐकवतो. रजेचा अर्ज नाही, वरिष्ठ नाही, बदली नाही. शिवाय तो आधी धंद्याचा खर्च वजा करतो आणि उरलेल्या नफ्यावर कर भरतो. माझा कर आधीच कापला जातो, मग उरलेल्यात संसार! बी.कॉम.ला शिकलेलं एवढंच मला अजून आठवतं. मालक शांतपणे ऐकून घेतो.

"खरंय साहेब," परवा तो म्हणाला, "रजा नाकारणारा कुणी नाही. पण द्यायलाही कुणी नाही. सासरे वारले त्या दिवशी संध्याकाळी गाडी लावली होती मी. पिठलेला बटाटा टाकून कसा देणार?" मग जरा थांबून म्हणाला, "पोराला बँकेत लावायचंय. तुमचं दुसऱ्या-चौथ्या शनिवारचं बरंय. महिन्यातून दोन शनिवार तरी पोरगं घरी झोपेल."

यावर मला 'फायदा' सुचला नाही. म्हणून दर रविवारी त्या पोराला परीक्षेची गणितं शिकवायला लागलो. पोरगं तोंडी हिशेबात माझ्यापेक्षा वाघ. पाचशेची नोट दाखवा, सुटे किती ते तुमचं बोलणं संपायच्या आत सांगतो. अडलं ते एकाच उदाहरणावर. 'एका व्यापाऱ्याने 20 टक्के तोटा सोसून घड्याळ विकले, तर...'

"कशाला पण?" पोरगं म्हणालं.

"कशाला म्हणजे? गणितात दिलंय."

"काका, घड्याळ काय नासतंय का? ठेवू दे की दिवाळीपर्यंत."

मी पुस्तकात पाहिलं. उत्तराचे चार पर्याय होते. त्यात हे नव्हतं.