हे खरे आहे काय?

बालमित्रांनो, तुम्ही वर्गात प्रश्न विचारता की नाही? खरं सांगा हं! पुष्कळ जण विचारतच नाहीत. 'सर रागावतील', 'बाकीचे हसतील' असं मनात येतं आणि वर गेलेला हात हळूच खाली येतो. आज मी तुम्हाला अशा एका ठिकाणी नेणार आहे, जिथे मोठी माणसं सकाळचा एक तास फक्त प्रश्न विचारण्यासाठी राखून ठेवतात. आणि ज्यांना विचारलं, त्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

पण मी तिथे का गेलो, ते आधी ऐका.

मी एटापल्ली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवतो. महाराष्ट्राचा नकाशा उघडा आणि पूर्वेचं अगदी शेवटचं टोक पाहा. तो आमचा गडचिरोली जिल्हा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी तो चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. आमच्या तालुक्याच्या पलीकडे छत्तीसगड लागतं. साग, मोह, तेंदू, बांबू यांचं दाट रान, रानात लहान लहान गावं, आणि दोन गावांच्या मध्ये कुठे ना कुठे एखादा नाला! माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी माडिया बोलतात. मराठी ती शाळेत येऊन शिकतात, आणि मी त्यांच्याकडून थोडं थोडं माडिया शिकतो.

एका वर्षी ऐन श्रावणात चौथीतली एक मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली ती गप्प गप्प. विचारलं तेव्हा कळलं. तिच्या आईला बाळ व्हायचं होतं. रात्री कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर आलेला, गाडी पलीकडेच थांबलेली. मग गावातल्या माणसांनी बाजेला बांबू बांधून तिची कावड केली, आईला तिच्यावर निजवलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून खांद्यावरून पलीकडे नेलं. आई वाचली, बाळही वाचलं. पण त्या रात्री ती मुलगी काठावर कंदील धरून उभी होती.

पुढे एकदा मी नकाशा शिकवत होतो. "मुंबई आपली राजधानी, नागपूर उपराजधानी. हिवाळ्यात आपली विधानसभा नागपूरला भरते. तिथे सगळ्या राज्याचे प्रश्न मांडले जातात," असं मी सांगितलं. तर ही मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचा नाला त्यांना माहीत आहे का?"

मुलांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं! मी स्वतः विधानसभा कधी पाहिली नव्हती. म्हणून त्या डिसेंबरात दोन दिवसांची रजा काढली आणि निघालो.

एटापल्ली ते नागपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. पहाटेच्या अंधारात लाल गाडीत बसलो. आलापल्लीपर्यंत दोन्ही बाजूंना सागाचं रान. पुढे आष्टी, चामोर्शी आणि मग जिल्ह्याचं गाव गडचिरोली. शेतात धानाची मळणी चाललेली. आरमोरी सोडली की वैनगंगेचा लांबलचक पूल लागतो. तो ओलांडला की आपला जिल्हा संपतो. पूल ओलांडायला गाडीला कितीसा वेळ लागतो! मला मात्र आमचा नाला आठवत राहिला. पुढे ब्रह्मपुरी, नागभीड, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेलं भिवापूर, उमरेड, आणि दिवस मावळता मावळता नागपूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनाकडे गेलो. वाटेत मोर्चेच मोर्चे! कुणी शेतकरी, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी आशाताई. अधिवेशन आलं की विदर्भातली माणसं आपलं गाऱ्हाणं घेऊन नागपुरात येतात. नागपूरच का, विचाराल तर त्यालाही इतिहास आहे. १९५६ पर्यंत नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाचं राजधानीचं शहर होतं. विदर्भ मराठी राज्यात यायचा होता, तेव्हा मराठी पुढाऱ्यांनी २८ सप्टेंबर १९५३ रोजी 'नागपूर करार' केला. विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं, असं त्यात ठरलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि ही प्रथा सुरू झाली.

ओळखीच्या एका गृहस्थांनी मला प्रवेशपत्र मिळवून दिलं होतं. पिशवी आणि मोबाइल बाहेर ठेवून मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. तिथे बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपल्या वर्गापेक्षा कडक शिस्त, बरं का!

खाली सभागृह. मध्यभागी उंचावर अध्यक्षांची खुर्ची. त्यांच्या उजव्या हाताला सरकार पक्ष, डाव्या हाताला विरोधी पक्ष. समोर राजदंड. आणि खाली काही मंडळी भराभर लिहीत असलेली. सभागृहात बोललेला शब्दन् शब्द ते टिपून घेतात.

आता एक गणित. विधानसभेत २८८ आमदार असतात. कामकाज चालायला त्यांच्यातले निदान एक दशांश हजर हवेत. किती झाले? २८.८! माणूस काही दशांशात येत नाही, म्हणून २९. याला गणपूर्ती म्हणतात. आणखी एक आकडा सांगतो. मुंबईचे आमदार ३६. आमच्या गडचिरोली जिल्ह्याचे तीन. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे ते तीन मतदारसंघ. आमचा एटापल्ली तालुका अहेरीत येतो. आमदार लोकसंख्येवर ठरतात, म्हणून असं होतं. पण आमचा जिल्हा आहे १४,४१२ चौरस किलोमीटरचा! एवढ्या रानातला प्रत्येक नाला तिघांनी कसा लक्षात ठेवायचा?

इतक्यात अध्यक्ष आले. सगळे उभे राहिले. 'प्रश्नोत्तराचा तास' सुरू झाला.

प्रश्न म्हणजे मनात आलं आणि विचारलं, असं नसतं. आमदारांना तो कितीतरी दिवस आधी लिहून द्यावा लागतो. ज्याच्यापुढे चांदणी छापतात तो तारांकित प्रश्न. त्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात. चांदणी नसलेला तो अतारांकित, त्याचं उत्तर लेखी मिळतं. आणि प्रश्न लिहिण्याची एक ठरलेली पद्धत आहे. ती मला फार आवडली. ती साधारण अशी:

'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?
(१) अमुक ठिकाणी अमुक गोष्ट झाली, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, त्याची कारणे काय आहेत?
(३) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?
(४) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली?
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

पाहिलंत? एकातून दुसरा प्रश्न निघतो, पायऱ्यांसारखा. उत्तरंही ठरलेल्या शब्दांत येतात. 'हे खरे आहे.' 'हे अंशतः खरे आहे.' 'हे खरे नाही.' आणि पहिल्यालाच 'हे खरे नाही' असं उत्तर आलं, तर पुढच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येतं. संपली की हो पायरी! म्हणून पहिला प्रश्न अगदी पक्का लागतो. गावाचं नाव, तारीख, आकडा, सगळं बिनचूक.

त्या तासात आरोग्य खात्याचेही प्रश्न आले. आरोग्य केंद्रातली डॉक्टरांची रिकामी पदं, औषधांचा पुरवठा, बंद पडलेली रुग्णवाहिका. छापील उत्तर झालं की आमदार उपप्रश्न विचारतात. "पदं कधी भरणार? तारीख सांगा!" मंत्री म्हणतात, "लवकरात लवकर." आमदार म्हणतात, "लवकर म्हणजे कधी?" असं एकदा, दोनदा, तीनदा. मला वाटलं होतं, नुसती भांडणं चालत असतील. कधी कधी गोंधळात आख्खा तास वाया जातो हेही खरं, आणि तेव्हा दूरच्या गावांचे प्रश्न तसेच राहून जातात. पण नीट चाललं तर हा तास फार मोलाचा असतो. मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला, तर तो विसरून चालत नाही. तो पाळला की नाही हे बघायला आमदारांची 'आश्वासन समिती' असते.

नंतर कागदपत्रं पटलावर ठेवली गेली, लक्षवेधी सूचना झाल्या, जादा खर्चाच्या पुरवणी मागण्यांवर चर्चा झाली. संध्याकाळपर्यंत मी जागचा हललो नाही!

तुम्ही म्हणाल, दवाखान्याचा प्रश्न दिल्लीच्या संसदेत का नाही विचारत? आपल्या राज्यघटनेत कामांची वाटणी केलेली आहे. सैन्य, रेल्वे ही कामं केंद्राची. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्याच्या सूचीत आहेत. म्हणून आमच्या नाल्याकाठच्या त्या रात्रीचा जाब विचारण्याची जागा हीच.

आता परत एटापल्लीला चला.

वर्गात मी फळ्यावर ते पाच प्रश्न लिहिले आणि म्हटलं, "चला, आपल्या नाल्याचा प्रश्न तयार करू." सगळे हात वर! "सर, लिहा, पावसाळ्यात नाल्यावरून जाता येत नाही, हे खरे आहे काय?"

मी विचारलं, "किती दिवस जाता येत नाही?"

एक म्हणाला, "खूप दिवस." दुसरा म्हणाला, "महिनाभर." तिसरा म्हणाला, "नाही, आठ दिवस."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. कुणी मोजलंच नव्हतं! मी सांगितलं, "मग मंत्री म्हणतील, हे खरे नाही. संपला आपला प्रश्न."

मोजणं ही साधी गोष्ट वाटते, पण आमच्याच जिल्ह्यात तिने मोठं काम केलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावोगावी किती बाळं जन्मली आणि किती दगावली, याची त्यांनी नीट नोंद ठेवली. मग ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. २००१ साली बालमृत्यूंचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला आणि पुढे शासनाने बालमृत्यूंचा अभ्यास करायला समिती नेमली. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, त्याच्या मागे ही मोजणी आहे.

आमच्या मुलांनीही ठरवलं. पुढच्या पावसाळ्यात एक वही केली. नाल्याकाठच्या एका झाडाला खडूने नव्हे, चुन्याने खूण केली. पाणी खुणेच्या वर असलं की त्या दिवसापुढे फुली. मुलांनी पाण्याजवळ जायचं नाही, लांबूनच पाहायचं, हा पहिला नियम! वही त्या मुलीकडे होती. एक दिवसही तिने चुकवला नाही.

दिवाळीनंतर गावात ग्रामसभा झाली. १९९६ च्या पेसा कायद्याने आमच्यासारख्या आदिवासी भागातल्या ग्रामसभेला मोठा मान दिला आहे. ती मुलगी उठली, वही उघडली आणि फुल्यांच्या तारखा वाचून दाखवल्या. आधी मराठीत, मग माडियात. म्हातारी माणसंही गप्प बसून ऐकत होती. त्या तारखांसह पुलाचा ठराव झाला आणि ठरावाची एक प्रत आमदारांकडे पाठवायची ठरली.

पूल झाला का, असं विचाराल. अजून नाही झाला. पण ग्रामसभेने आपल्या हातातलं एक काम त्याच दिवशी केलं. गरोदर बायांना बाळंतपणाच्या आधी काही दिवस आरोग्य केंद्राजवळ राहता यावं, म्हणून शासनाची 'माहेरघर' नावाची योजना आहे. पूर्वी तिकडे जायला बाया तयार नसत. घर कोण पाहणार, शेत कोण पाहणार? वहीतल्या फुल्या पाहून ठरलं, की ज्यांची तारीख पावसाळ्यात आहे, त्यांनी पूर यायच्या आधीच जायचं आणि त्यांच्या घरचं काम शेजाऱ्यांनी वाटून घ्यायचं. पुढच्या श्रावणात गावातल्या दोघी जणी अशा आधीच गेल्या. त्या वर्षी बाजेची कावड करावी लागली नाही.

ती मुलगी आता मोठ्या शाळेत गेली आहे. वही तिने जाताना चौथीच्या वर्गाला दिली. पहिल्या पानावर तिने आमचा प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला आहे, पाचही पायऱ्या. चार क्रमांकापर्यंत निळी शाई आहे. पाचवा तिने लाल शाईने लिहिला आहे: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

तर बालमित्रांनो, तुमच्या गावातही, गल्लीतही असा एखादा नाला असेल. नळ असेल, दिवा असेल, दवाखाना असेल. आई-बाबांना सोबत घ्या, एक वही करा, आधी मोजा आणि मग पाच पायऱ्यांचा प्रश्न लिहा. आणि हो, वर्गात हात वर गेला की तो खाली घेऊ नका!