आयफेलच्या डोंगरातली धाव

जर्मनीला जाऊन आलेला मराठी माणूस ऱ्हाइन नदीबद्दल सांगतो, कोलोनच्या चर्चच्या मनोऱ्यांबद्दल सांगतो आणि तिथल्या शिस्तीची आठवण काढून आपल्या नगरपालिकेला नावे ठेवतो. मी २०२४ च्या मे महिन्यात तिथे पंधरा दिवस होतो. ऱ्हाइन पाहिली, चर्चही पाहिले. पण मला विचाराल तर त्या प्रवासात मी मनापासून पाहिल्या त्या फक्त दोन गोष्टी : आयफेलच्या डोंगरातला एक रस्ता आणि मोटारीची चार चाके.

गेलो होतो भाच्याकडे. त्याचे खरे नाव पासपोर्टावर आहे. आमच्या घरी तो बंडू. पुण्यातून इंजिनियर होऊन तो कोलोनला नोकरीला लागला, त्याला आता सात वर्षे झाली. निघताना बहिणीने चकल्यांचा डबा बांधून दिला आणि एक कामगिरीही सोपवली.

"दादा, त्याने ती शर्यतीची गाडी घेतली आहे. त्याच्या डोक्यातलं ते खूळ काढून ये. तुझं तो ऐकतो."

तिने एवढेच म्हटले. अधिक बोलण्याची गरज नव्हती. बंडूचे वडील २००९ च्या पावसाळ्यात सातारच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून गेले. तेव्हापासून आमच्या घरात वेग हा शब्द कोणी सहसा उच्चारत नाही.

गाडी पाहून मात्र माझा पवित्रा ढिला पडला. माझदा एमएक्स-५. दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, लाल आणि इतकी बुटकी की आत बसताना आपण पाटावर बसतो आहोत असे वाटावे. वजन जेमतेम हजार किलो. मी पोचलो तेव्हा ती एका भाड्याच्या कारखान्यात चारही चाके काढून उभी होती. बंडूचे हात कोपरापर्यंत काळे. तो तिला रुंद टायर चढवीत होता.

"मूळचे एकशे पंचाण्णव मिलिमीटर रुंदीचे होते," तो म्हणाला. "हे दोनशे पंचवीस."

"तीस मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप?" मी विचारले.

मराठीच्या प्राध्यापकाने असा प्रश्न विचारावा आणि इंजिनियरने त्याचे उत्तर न देता सोडावे, हे शक्य नव्हते. त्याने मला उलट्या डब्यावर बसविले आणि माझ्या हातात चकली दिली.

"मामा, आपण दोघं बसलो की गाडी साडेअकराशे किलो. एका चाकाच्या वाट्याला पावणेतीनशेहून थोडं अधिक. टायरातल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो धर. म्हणजे जमिनीला किती रबर टेकलं?"

मी पुष्कळ वर्षांनी भागाकार केला. सुमारे एकशे चाळीस चौरस सेंटिमीटर. माझ्या पंजाएवढे! सबंध मोटार, तिच्यातली माणसे, त्यांचे विमे आणि त्यांच्या आयांच्या झोपा, हे सारे चार पंजांएवढ्या रबरावर उभे असते.

"आता टायर रुंद केला तर हा पंजा मोठा होतो, असं सगळ्यांना वाटतं. तो फारसा होत नाही. वजन तेच, दाब तोच, तर क्षेत्रफळही साधारण तेवढंच. फक्त आकार बदलतो. आई थालीपीठ थापते ना, गोळा तोच. लांबट थापला की अरुंद, आडवा थापला की रुंद."

मग उपयोग काय? तर वळणावर गाडी आडवी ओढली जाते, तेव्हा आडवा थापलेला भाग कमी पिळवटतो आणि चालकाच्या हाताला चटकन उत्तर देतो. दुसरे म्हणजे उष्णता. शर्यतीच्या रस्त्यावर टायर तापतो, फार तापला की त्याची पकड जाते. रुंद टायरात रबर जास्त, म्हणून ताप वाटून घेतला जातो. शिवाय असे टायर मऊ रबराचे करतात. ते तापले की डांबराला चिकटून धरतात. पण फुकट काही मिळत नाही. साडेसहा इंचांची मूळची धाव या टायरला पुरत नाही, म्हणून आठ इंचांची घ्यावी लागली. टायर मूळच्यापेक्षा सात-आठ मिलिमीटर उंच, म्हणजे वेग दाखविणारा काटा किंचित कमी सांगणार. सुकाणू जड होणार. आणि चाक बाहेर आल्यामुळे वरच्या पत्र्याची आतली कड त्याला घासणार. म्हणून बंडूने ती कड गरम हवेने ऊन करून रूळ फिरवून आत दुमडली होती.

'धाव' हा शब्द त्याचा नव्हे, माझा. तो आपला 'रिम' म्हणत होता. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी तापवून चढवतात, तिला आपण धाव म्हणतो. नेमके बोलायचे तर टायरलाच धाव म्हणायला हवे, रिमला नव्हे. पण पळण्याला आणि पळविणाऱ्या वस्तूला एकच शब्द ठेवणाऱ्या आपल्या सुतार-लोहारांचे मला त्या कारखान्यात फार कौतुक वाटले. बंडूलाही शब्द आवडला.

दुसऱ्या दिवशी गाडी सरकारमान्य तपासनिसाकडे गेली. जर्मनीत चाकांची मापे बदलली की ती तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावी लागतात. नाहीतर गाडी रस्त्यावर आणण्याचा परवानाच राहत नाही. त्या गृहस्थांनी गाडीचे एक चाक ठोकळ्यावर चढवले, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, पत्रा आणि टायर यांच्या फटीत बोटे घातली आणि अर्धा तास एक शब्द न बोलता शिक्का मारला. मला आमच्या विद्यापीठाचे परीक्षक आठवले, पण ते वेगळ्या कारणासाठी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही आयफेलच्या डोंगरात गेलो. कोलोनपासून दीड तासाच्या आतली वाट. न्यूर्बुर्ग हे खेडे चिमुकले; वर टेकडीवर जुन्या किल्ल्याचा पडका बुरूज. आणि त्या किल्ल्याला वेढा घातल्यासारखा रानातून फिरणारा शर्यतीचा रस्ता, न्यूर्बुर्गरिंग. हा १९२५ साली बांधायला घेतला तो या गरीब, डोंगराळ मुलखातल्या बेकारांना काम मिळावे म्हणूनही. आपल्याकडे दुष्काळी कामावर रस्ते होतात, त्यातलाच प्रकार. १९२७ च्या जूनमध्ये तो खुला झाला. आजचा त्याचा उत्तर भाग २०.८ किलोमीटरांचा, सत्तरांहून अधिक वळणे आणि सर्वांत उंच व सखल जागांत सुमारे तीनशे मीटरांचा फरक. जॅकी स्ट्युअर्ट या शर्यतपटूने त्याला 'हिरवा नरक' म्हटले, ते नाव आजही चालते. आणि नवल असे की, ठरावीक वेळी तिकीट काढून कोणीही आपली साधी मोटार त्यावर नेऊ शकतो. त्या वेळी तो कायद्याने टोलाचा एकेरी रस्ता असतो.

मी बंडूच्या शेजारी बसलो. बहिणीला हे कळवलेले नाही. दिवाळी अंकातून कळेल. झाडे दोहो बाजूंनी जवळ येत होती. 'कोल्ह्याचे बीळ' नावाच्या उतारावर रस्ता खाली कोसळतो आणि तळाशी अंग एकदम जड होते. पुढे कारुसेल हे वळण. ते वाटीसारखे उतरत्या काँक्रीटचे आहे. रुडोल्फ काराचिओला या जुन्या शर्यतपटूचे नाव त्याला दिले आहे. गाडी वाटीत उतरली, स्प्रिंगा दबल्या आणि डावीकडून 'खर्रर्र' असा आवाज आला. तपासनिसाच्या ठोकळ्याने जे दाखवले नव्हते, ते कारुसेलने दाखवले. टायर आतल्या अस्तराला किंचित घासला होता. बंडू हसला. "हा खरा परीक्षक," तो म्हणाला. त्या रात्री त्याने अस्तर कापले.

चौथा दिवस स्पर्धेचा. हौशी लोकांची ही स्पर्धा मला फार आवडली. तीत सर्वांत वेगवान माणूस जिंकत नाही. ठरलेल्या फेऱ्या जो जास्तीत जास्त सारख्या वेळात पुऱ्या करतो, तो जिंकतो. बंडूने तिच्यासाठी वर्षभर पैसे साठवले होते.

सकाळी तंबूवर पाऊस वाजत होता. आयफेलमध्ये पाऊस एका वळणावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो. त्या दिवशी तो सगळीकडे होता. डांबरावर पाण्याचे पाट वाहत होते. बंडू टायरांपाशी उकिडवा बसला आणि त्यांवरच्या मोजक्या खाचांतून बोट फिरवीत राहिला. मूळचे अरुंद टायर कोलोनला तळघरात होते.

"नाही नेत," तो म्हणाला.

आणि मी, ज्याला खूळ काढायला पाठवले होते तो मी, चक्क म्हणालो, "अरे, जरा सांभाळून चालवलीस तर? एवढे पैसे भरलेस!"

बंडूने माझ्याकडे पाहिले. "मामा, रुंद टायर पाण्यावर सपाट तळाच्या होडीसारखा चढतो. पुढचं पाणी बाजूला सारायला त्याला वेळ लागतो आणि याला खाचा कमी. थंडीत रबर तापतही नाही. काल जो टायर धरत होता, तोच आज सोडेल." मग बराच वेळ तो गप्प होता. "बाबांच्या गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. मी असंच बोट फिरवलं होतं. बारा वर्षांचा होतो. सांगितलं नाही मी कुणाला."

तंबूवरच्या पावसाशिवाय दुसरा आवाज नव्हता. पंधरा वर्षे आम्ही ज्याला वेगाचे खूळ समजत होतो, ते पकडीचे वेड होते.

परतताना त्याने गाडी एका ट्रकच्या मागून इतकी हळू चालवली की सायकलवालेही पुढे गेले असते. रानाकडे हात करून तो म्हणाला, "तिकडे बेर्गवेर्क. त्याच्या थोडं अलीकडे निकी लाउडा १९७६ च्या ऑगस्टमध्ये जळाला." सहा आठवड्यांत लाउडा पुन्हा शर्यतीत उतरला. आणि त्याच वर्षी जपानात फूजीला, शेवटच्या शर्यतीत, मुसळधार पावसात दोन फेऱ्यांनंतर त्याने आपण होऊन गाडी थांबवली. जगज्जेतेपद एका गुणाने जेम्स हंटकडे गेले.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हिणवून म्हणतो. पण कुंपण कुठे आहे हे सरड्याला नक्की ठाऊक असते. माणसांपैकी किती जणांना असते?

रात्री बहिणीचा फोन आला. "काय रे, काढलंस का खूळ?"

"नाही," मी म्हटले. "पण पावसात तो गाडी बाहेर काढत नाही. मी सांगूनसुद्धा."

पलीकडे ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चकल्या मऊ पडल्या नाहीत ना?"