सिकलसेलची कॅप्सूल आणि अठरा कोटी

औषधांच्या महागाईचा विषय निघाला की अमेरिकेचे आकडे ऐकवून 'आपल्याकडे किती स्वस्त!' म्हणणारे आमच्या चंद्रपुरात बरेच आहेत. त्यांच्यासमोर मी सिकलसेल ठेवतो. रक्ताचा हा आनुवंशिक आजार चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांना चांगला माहीत आहे. अमेरिकेत तो मुख्यतः काळ्या लोकांत आढळतो.

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेनं त्यावर 'कॅसजेव्ही' हा जनुकीय उपचार मंजूर केला. रुग्णाच्याच पेशी काढून, दुरुस्त करून परत सोडायच्या. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं अठरा कोटी रुपये. हा भाव कंपनीनं ठरवलेला. तिथल्या सरकारी मेडिकेअर योजनेला तर कंपन्यांशी घासाघीस करायला 2003 च्या कायद्यानंच मनाई होती. 2022 मध्ये ती काही औषधांपुरती उठली. इंग्लंडमध्ये 'नाइस' ही संस्था औषधाचा गुण आणि दाम ताडून बघते. तिनं हाच उपचार पहिल्या मसुद्यात नाकारला आणि सवलतीचा सौदा ठरल्यावर जानेवारी 2025 मध्ये मान्य केला.

आपल्याकडची स्वस्ताईही कुणाची खैरात नाही. 1970 च्या कायद्यानं औषधावरचं पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. 2005 पर्यंत हे चाललं आणि तेवढ्यात आपले कारखाने तयार झाले. 2013 च्या आदेशानं अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत लागते. सिकलसेलचं हायड्रॉक्सियुरिया त्याच यादीत आहे. कॅप्सूल दहा-पंधरा रुपयांच्या घरात.

पण ते पैसे कोण देतं? 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून भरला. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाच्या औषधाला पैसे पडत नाहीत. आमच्या मामूंच्या मेडिकलमध्ये एक बाई येते, राजुऱ्याकडची. सरकारी दवाखान्यात साठा संपला की मुलासाठी पट्टीतून सातच कॅप्सूल कापून नेते. महिन्याच्या एकदम का नेत नाही, मी विचारलं.

"मजुरी आठवड्याले भेटते ना भाऊ."

कॅप्सूल चालू असेतो दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. औषधाच्या कमाल किमतीचा आदेश तपासणीला लागू नाही, आणि तिच्या बुडालेल्या रोजीलाही नाही. मागच्या खेपेला तिनं तपासणी पुढं ढकलली.