शेवटची क्लिप

ज्यांच्या दारात कधी सँट्रो उभी राहिली, त्यांचा इरुंगाट्टुकोट्टैशी संबंध आलेला आहे, त्यांना ते ठाऊक नसेल एवढंच. ती गाडी १९९८ साली ह्युंदाईच्या तिथल्या कारखान्यातून बाहेर पडली. चेन्नईहून बंगळूर महामार्गानं निघालं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे हे गाव लागतं. सुटे भाग बनवणाऱ्यांच्या शेडांनी सगळा परिसर भरलेला. त्यातल्या एका शेडमध्ये नोकरी धरून मी चिंचवडहून तिथं गेलो, आणि गाड्यांच्या धंद्यात असूनही गाडीविषयीची फार महत्त्वाची गोष्ट शेडच्या बाहेर शिकलो.

ती शिकवणाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही तेच म्हणायचो. सर्व्हिस रोडला पत्र्याखाली त्यांचं टायर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान होतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेसिंग ट्रॅक तिथंच आहे, १९९० मध्ये सुरू झालेला. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला नारायण कार्तिकेयन या ट्रॅकवर धावलेला आहे. अण्णा पोरवयात तिथं टायर ढकलायचे. घाई कुठं करायची आणि कुठं नाही, हे बहुधा तिथंच त्यांच्या अंगात मुरलं असावं. हा माझा तर्क. त्यांना विचारलं असतं तर ते हसले असते.

मे महिना होता. तमिळनाडूत ज्याला अग्नि नक्षत्रम म्हणतात, ते ऐन उन्हाळ्याचे दिवस. सेकंड शिफ्ट सुटली, चावी फिरवली, तर नुसतं टक-टक-टक. काट्यांचे दिवे मिणमिणले, सेल्फ काही फिरेना. थंडीत बॅटरी मरते असं आपण ऐकलेलं असतं. खरं तर तिला आतून खाऊन टाकतो तो उन्हाळा: पाणी उडतं, प्लेटी गंजतात. चिंचवडला चार जणांनी धक्का मारला असता, सेकंड गिअर टाकून क्लच सोडला की काम झालं असतं. पण गाडी ऑटोमॅटिक, धक्क्याला दाद देणारी नव्हे.

गेटवरचा एक कॅबवाला आपणहून गाडी घेऊन आला, तिच्या बॅटरीवरून जंप द्यायला केबलही त्याच्याकडे होती. भला माणूस. तेवढ्यात वॉचमननं अण्णांना बोलावलं. अण्णांनी आधी केबल हातात धरून पाहिली आणि बाजूला टाकली. सेल्फ फिरताना शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, तेवढा करंट सुतळीएवढ्या वायरीतून कसा जाणार? त्यांनी स्वतःची जाड केबल आणवली. मग टॉर्च लावून माझी बॅटरी न्याहाळली. फुगली आहे का, चीर आहे का, गळते आहे का. तसं काही दिसलं असतं तर जंप द्यायचाच नाही, असं ते म्हणाले. दोन्ही गाड्या बारा व्होल्टच्या आहेत, बंद आहेत, एकमेकींना टेकलेल्या नाहीत, हे पाहून झाल्यावर लाल क्लिप माझ्या प्लसला, दुसरी लाल कॅबच्या प्लसला, काळी कॅबच्या मायनसला.

उरलेली काळी कॅबवाल्यानं उचलली आणि माझ्या बॅटरीच्या मायनसकडे नेली. कुणीही तेच केलं असतं. अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "वेंडाम!" म्हणजे नको, एवढंच म्हणाले आणि ती क्लिप बॅटरीपासून लांब, इंजिनच्या एका उघड्या बोल्टला लावली. कॅबचं इंजिन चालू करून काही मिनिटं तसंच ठेवलं, मग मला सेल्फ मारायला सांगितलं. गाडी सुरू झाली. क्लिपा लावल्या त्याच्या बरोबर उलट क्रमानं निघाल्या. अण्णांनी रात्रीचा दर लावून पैसे मोजून घेतले, कॅबवाल्यालाही त्यातले दिले.

पैसे दिले, हिशेब संपला, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बॅटरी तपासायला दुकानात गेलो, तर खिळ्याला एका बॅटरीचं उडालेलं झाकण टांगलेलं दिसलं. कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं. ते झाकण उडण्याचं कारण असं: चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. हवेत तो चार टक्के मिसळला तरी ठिणगी पुरते. आणि ठिणगी उडते ती सर्किट पुरं करणाऱ्या शेवटच्या क्लिपला. ती बॅटरीच्या तोंडाशी उडाली तर झाकणासकट ॲसिड वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आदल्या रात्री वाकून बघणारा मीच होतो.

आमच्या वडिलांची फियाट हँडल मारून चालू व्हायची. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हे त्यांनी मला दटावून शिकवलं, कारण इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा तुटतो. त्यांना ते त्यांच्या मिस्त्रीनं सांगितलं होतं. अण्णांनी मनगट धरणं मी त्याच खात्यात जमा धरतो. वडिलांच्या मिस्त्रीचे पैसेही त्या वेळी चुकते झालेच असतील.

मी आता तळेगावकडे असतो. इथला जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं २०२३ मध्ये केला, तेव्हापासून इथं तमिळ ऐकू आलं की मी थांबतो. माझ्या डिकीत जाड केबल असते.

तुम्हीही ठेवा. पण आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल काढून जंपचं पान वाचा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि क्लिपांची जागा बॉनेटखाली वेगळी दिलेली असते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवरून दुसरीला जंप देऊ नये असं काही कंपन्या बजावतात. आणि मदतीला आलेला माणूस शेवटची काळी क्लिप बॅटरीकडे नेताना दिसला, तर भीड न धरता त्याचा हात धरा.