गाळलेला धडा

दिवाळीला माणसे गावी परततात. आमच्या सिरसाळ्याहून मात्र याच दिवसांत निघतात. दसरा उलटला की मुकादमांच्या गाड्या येतात आणि भांडीकुंडी, शेळी, लेकरे घेऊन घरेच्या घरे कारखान्याच्या वाटेला लागतात. पुढले पाच-सहा महिने उसाच्या फडात, कोपीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. कामाला गेले नाही की खाडा. तो उचलीच्या हिशेबात कापला जातो.

परवा माझी एक जुनी विद्यार्थिनी निरोप घ्यायला आली. पदरात दोन मुले. उंबऱ्यात थबकून म्हणाली, "बाई, पिशवी काढून टाकावी म्हन्ते. खाडा न्हाई, अन् पुन्हा लेकराची भीती न्हाई."

वय अवघे सव्वीस! मला २०१९ सालच्या सरकारी पाहणीतले आकडे आठवले. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली होती.

मी तिला आत बसवले. मूल नको एवढ्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही, हेच तिला ठाऊक नव्हते. सोबत बीजांडकोशही निघाले तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात, हेही नव्हते. तांबीचे नाव तिने ऐकले होते. पण ती काळजाकडे सरकते, असे कोणीसे सांगितलेले.

"मग नवऱ्याची नसबंदी?"

"अगं बाई! त्यान्ला वजन उचलावं लागतं."

"आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर कोण चढतं?"

ती पदराआड हसली. मग एकाएकी म्हणाली, "बाई, हे समदं शाळंतच का न्हाई सांगितलं?"

वाचकहो, उत्तर माझ्याजवळ होते, म्हणूनच मी खाली पाहिले. धडा पुस्तकात होता. 'घरी वाचून या' म्हणत दरवर्षी ती पाने मीच उलटली होती. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जन्मभर निंदा सोसली. १९५२ साली सरकारनेही हे काम हाती घेतले. एवढ्या लांबून आलेली गोष्ट माझ्या टेबलापाशी येऊन अडली होती!

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले, शंका फेडल्या. तिने तांबी पसंत केली. नवरा बाकावर अवघडून बसला होता, पण ऐकत होता.

आता ती फडावर आहे. सुटी संपली की तो धडा मी वर्गात वाचणार आहे, मुलामुलींना एकत्र बसवून. आवाज थोडा कापेल, कापू दे.