सोन्याचें पांघरूण

आवरणाविषयीं आपल्या भाषेचें मत मुळींच चांगलें नाहीं. मुलामा, वरपांग, बाह्य डौल, वरवरची साखरपेरणी. ह्यांतला एकही शब्द असा नाहीं कीं ज्यांत थोडा तिरस्कार कालवलेला नसेल. जें आंत आहे तें खरें आणि जें वर आहे तें खोटें, ही शिकवण साधुसंतांपासून सासूबाईंपर्यंत सर्वांनीं इतक्या वेळां दिली आहे कीं ती तपासून पाहावी असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आणि ह्या शिकवणीचा साक्षीदार म्हणून नेहमीं कोणाला उभें करण्यांत येतें? सोन्याला! तांब्यापितळेला कल्हई हवी, लोखंडाला रंग हवा. सोनें मात्र आंतबाहेर सारखें.

नाशिकच्या सराफ बाजारांत माझे एक स्नेही आहेत; पिढीजात सराफ. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिन्याची रेघ ओढून तिच्या रंगावरून कस सांगण्याची विद्या त्यांनीं वडिलांपासून घेतली. आतां त्यांच्या पेढीवर यंत्र आलें आहे. तरी यंत्राचा आंकडा पाहण्यापूर्वीं ते स्वतःचा अंदाज मोठ्यानें बोलून दाखवितात. अशा ह्या गृहस्थांपुढें गेल्या दिवाळींत माझ्या भाच्यानें एक लहानशी कुपी ठेवली. भाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. कुपींत डाळिंबाच्या रसासारखें तांबडें, नितळ पाणी होतें.

"काका, हें सोनें," तो म्हणाला.

"अरे, हें कुंकवाचें पाणी!" सराफ हंसले. "सोनें ओळखायला आतां तूं आम्हांला शिकवणार?"

भाच्यानें वाद घातला नाहीं. त्यानें तें पाणी दोन लहान पेल्यांत ओतलें. पहिल्यांत मिठाच्या पाण्याचे थेंब टाकतांच तांबडा रंग पालटून जांभळट निळा झाला. दुसऱ्या पेल्यांत त्यानें आधीं जिलेटिनचा एक थेंब घातला, मग तितकेंच मीठ घातलें. पण तो पेला तांबडाच राहिला. सगळ्या कुपींतलें सोनें गुंजेच्या तिसाव्या हिश्शाएवढें भरेल, असेंही त्यानें सांगितलें. सराफांनीं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलें, "मग सोन्याचा खरा रंग कोणता म्हणायचा? पिवळा, तांबडा कीं निळा?"

प्रश्न अगदीं सराफी होता. पण त्यांतलें 'खरा' हें विशेषण मला अजून सोडीत नाहीं.

शास्त्र असें सांगतें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. सोन्याचा कण दहावीस नॅनोमीटरांइतका बारीक झाला कीं त्याच्यांतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकजुटीनें झोके घेऊं लागतात. त्या झोक्यांना सुमारें ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश मानवतो. तो ते गिळतात, आणि पलीकडे आलेला प्रकाश आपल्याला तांबडा दिसतो. परंतु असे दोन कण एकमेकांना चिकटले कीं त्यांचे झोके एकमेकांत गुंततात, गिळला जाणारा प्रकाश तांबड्याच्या बाजूला सरकतो, आणि पाणी निळें दिसतें. म्हणजे रंगाचा निकाल कण किती मोठा ह्याबरोबरच कण किती दूर ह्यावरही लागतो. आणि त्यांना दूर ठेवणारे कोण? त्यांच्या अंगाला बिलगून बसलेले परके रेणू. शास्त्रज्ञ त्यांना लिगंड म्हणतात. बांधणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हा शब्द आला आहे. आपण त्यांना 'बिलगे' म्हणावें. भाच्याच्या कुपींतले बिलगे सायट्रेटचे, म्हणजे लिंबांतल्या आम्लाच्या क्षाराचे होते. त्यांच्या अंगीं ऋण विद्युद्भार असतो, म्हणून पांघरलेले कण एकमेकांना लोटीत राहतात. मीठ त्या लोटण्याचा जोर मोडतें. जिलेटिन मात्र कणाभोंवतीं गोधडीसारखें बसतें आणि मिठाला दाद देत नाहीं.

मायकेल फॅरडे ह्यानें १८५७ सालीं लंडनमध्यें हें तांबडें सोनें आणि मिठानें होणारा त्याचा पालट वर्णन करून ठेवला. पुढें झिग्मोंडी ह्या शास्त्रज्ञानें, कोणतें पांघरूण किती मिलिग्रॅम घातलें असतां सोनें मिठापासून वांचतें, ह्याचें मापच ठरविलें व त्याला 'सुवर्णांक' असें नांव दिलें. त्याला १९२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

तत्त्व मात्र आपल्या घरांना अपरिचित नव्हतें. पंचवटींतल्या जुन्या पोथ्यांची शाई पाहा. नुसतें काजळ पाण्यांत मिसळत नाहीं. तें तरंगतें, त्याच्या गुठळ्या होतात. बाभळीच्या डिंकाबरोबर तें घोटघोट घोटलें कीं डिंक प्रत्येक कणाला लपेटतो, आणि अक्षर शतकभर काळेंभोर राहतें. उलट पावसाळ्यांत गोदावरीचें तांबूस गढूळ पाणी घागरींत भरून आपल्या आज्या त्यांत तुरटी फिरवीत. मातीच्या कणांना दूर ठेवणारा भार तुरटी नाहींसा करते. कण गोळा होतात, तळाशीं बसतात, पाणी निवळतें. घराच्या एका कोपऱ्यांत पांघरूण घालण्याची विद्या चाले, दुसऱ्यांत काढण्याची.

ह्याहूनही मौजेची हकीकत पुण्याची. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गवती चहाच्या पातींच्या अर्कांत सोन्याचा क्षार मिसळला आणि सोन्याचे चपटे त्रिकोण मिळविले. हें संशोधन २००४ सालीं प्रसिद्ध झालें. आधीं बारीक गोल कण तयार होतात. अर्कांतले रेणू त्यांना असे बिलगतात कीं कण जणूं पातळ होऊन एकमेकांत मिसळतात आणि त्रिकोण घडतो. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाशही शोषून घेतात. आपल्या परसांतली जी पात चहाला वास देते, तिनें सोन्याला आकार दिला आणि त्याची प्रकाशाशीं असलेली वागणूकच बदलून टाकली! तसेंच, ज्या क्वांटम ठिपक्यांच्या शोधासाठीं २०२३ सालचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें, त्यांचा रंग मुख्यतः त्यांच्या आकारमानावर ठरतो; पण त्यांची झळाळी बिलग्यांच्या हातीं असते. पृष्ठभागावरच्या अणूंचे हात रिकामे राहिले तर ठिपक्याचें तेज तेथेंच जिरतें. बिलग्यांनीं ते हात धरले कीं ठिपका उजळतो.

हें वाचतांना मला वारंवार माझे वडील आठवतात. अडतीस वर्षें त्यांनीं गणित शिकविलें. सेवानिवृत्त झाले त्या रात्रीं ते म्हणाले, "सुटलों बाबा! मास्तरकी उतरली, आतां मी नुसता मी." आम्हांलाही तें पटलें. पण तो 'नुसता मी' सहा महिन्यांत आमच्या डोळ्यांदेखत विटत गेला. ज्याला आम्ही ओझें समजत होतों त्या हांका, ते नमस्कार, वह्यांचे ते गठ्ठे त्यांना धरून होते. पुढें शेजारची एक मुलगी त्रैराशिक अडलें म्हणून आली, तिच्यामागून तिचा भाऊ आला, आणि वर्षाच्या आंत ओसरी भरूं लागली. आतां त्यांना कोणी 'सर' म्हणत नसे. सगळीं 'आजोबा' म्हणत. चेहऱ्यावर रंग परत आला. मात्र तो जुना रंग नव्हता.

सोन्याशीं माणसाची तुलना फार ताणूं नये. एकदां घट्ट जमलेले सोन्याचे कण सहसा पुन्हा सुटे होत नाहींत. माणूस तेवढा दुर्दैवी नाहीं. शिवाय प्रत्येक पांघरूण हितकारकच असतें असेंही नाहीं. बिलग्यांची दाटी फार झाली तर कणाच्या पृष्ठभागाशीं दुसऱ्या कोणाला पोंचतां येत नाहीं. लांबलचक बिलग्यांच्या ठिपक्यांतून वीज नीट वाहत नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंत बिलगे बदलण्याची रीत आहे. तिच्यांतली एक खुबी मला फार शहाणपणाची वाटते. जुनें पांघरूण आधीं ओढून काढून कणाला उघडा ठेवीत नाहींत. तसें केलें तर तो गोळा होऊन बसेल. कण जुन्या पांघरुणांत असतांनाच त्याच्या भोंवतीं नवे बिलगे सोडतात; ते एकेक करून जवळ येतात, आणि तितकेच जुने एकेक करून सुटतात.

आमच्या ओळखींतलीं कितीतरी माणसें ह्या वर्षीं नोकरींतून मोकळीं होणार आहेत; कितीजण जुना वाडा सोडून गंगापूर रस्त्यावरच्या नव्या घरांत जाणार आहेत. त्यांना निरोप देतांना "आतां स्वस्थ बसा" असें म्हणण्याचा प्रघात आहे. मी मात्र हल्लीं त्यांना विचारतों, "उद्यां सकाळीं तुमच्याकडे कोण येणार आहे?"